पडून असलेला माल

माल पडून राहिलेला हिंदुरावांना बघवत नसे. चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि तिथला धर्म एकच होता: माल आला, लागला, गेला. सकाळी दहाला लागणारा नट पावणेदहाला गेटवर हवा. साडेनऊला आला तरी हिंदुराव व्हेंडरला फोन करून झापत. रिकामा रॅक दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे.

निवृत्त झाल्यावर हा धर्म त्यांनी घरी आणला. साखरेचा डबा त्यांनी ‘दोन दिवसांच्या स्टॉक’वर आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी सावित्रीबाईंचे दोन्ही भाऊ अचानक आले आणि बिनसाखरेचा चहा पिऊन गेले. भाऊ गेल्यावर सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या, “कुठंतरी कामाला लागा. पगार नसला तरी चालेल. नाहीतर मी माहेरी पाटणला जाते, आणि परत कधी येणार ते सांगून जाणार नाही.”

म्हणून हिंदुराव तळवड्याच्या गोदामात आले. गोदाम एका संस्थेचं होतं. अंदमानच्याही खाली, जहाजाने दोन दिवस लागतील असं एक छोटं बेट होतं. वादळ आलं की तिथं पंधरा-पंधरा दिवस बोट लागत नसे. त्या बेटावरच्या शंभर कुटुंबांसाठी ताडपत्र्या, झाकणाच्या बादल्या, पातेली, दोर, टॉर्च आणि मच्छरदाण्या इथं कायम तयार ठेवलेल्या असत. बेट समुद्रात आणि गोदाम तळवड्यात, हे ऐकून लोक हसायचे. पण बादली पलीकडच्या गाळ्यात बनत होती, दोर त्याच्या शेजारी आणि ताडपत्री मागच्या गल्लीत, त्यामुळे सगळं इथंच गोळा करणं सोयीचं होतं.

“काका, तुमचं काम एकच,” संस्थेच्या विजयश्री मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “हे सामान असंच राहू द्यायचं.”

इतकं अवघड काम हिंदुरावांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. दोन महिने त्यांनी कळ काढली. रोज सकाळी रॅकसमोर उभं राहायचं, न हललेला माल बघायचा आणि उसासा टाकायचा. मग एके दिवशी शेजारचे सोनबा आले. सोनबा मूळचे तळवड्याचेच, जुने जमीनवाले. नातीचा, तेजस्विनीचा साखरपुडा शुक्रवारी होता आणि मांडववाल्याने ऐन वेळी हात वर केले होते.

“शंभर ताडपत्र्या हायती तुमच्याकडं. नुसत्या घडी घालून ठिवल्याती,” सोनबा म्हणाले. “शनवारी सकाळी दारात आणून टाकतो.”

हिंदुरावांच्या डोक्यात एकतीस वर्षांचं तेल पडलं आणि चाकं फिरू लागली. माल वापरात राहील, हवा तेव्हा परत येईल, यात वाईट काय? त्यांनी भिंतीवर एक फळा टांगला. जे सामान बाहेर जाईल त्याचं एक कार्ड: कुणाकडे आहे, परत यायला किती तास. सोनबांच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, ‘एक तास’. ताडपत्र्यांबरोबर वाढपासाठी शंभर पातेलीही गेली. मग रावेतच्या एका सोसायटीत पाइपलाइनचं काम निघालं, तिकडे दोनशे बादल्या गेल्या, कार्डावर ‘दीड तास’. हिंदुरावांचा भाचा ओंकार हिंजवडीला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत होता. त्याच्या ऑफिसच्या ट्रेकसाठी टॉर्च आणि दोर गेले, ‘दोन तास’. गोदामात मच्छरदाण्या तेवढ्या राहिल्या, कारण त्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही. हिंदुरावांनी रिकामी फरशी पुसून घेतली आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवारी सकाळी दहाला मॅडमचा फोन आला.

“काका, बेटाच्या पंचायतीच्या डॉरोथीताई लोहगाव विमानतळावर उतरल्यात. एक वाजता गोदामात सराव आहे. सगळं सामान ट्रकमध्ये चढवून दाखवायचं.”

“आज? आधी काही कळवलं नाही ते?”

“वादळ कळवून येतं का? म्हणून त्यांनीही नाही कळवलं.” मॅडमचा आवाज खाली आला. “काका, पंचायतीत बऱ्याच जणांचं म्हणणं आहे की माल किनाऱ्यावरच्या एखाद्या शहरात ठेवावा. आज काही कमीजास्त झालं तर आपलं गोदाम बंद. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे.”

फोन ठेवल्यावर हिंदुरावांना पाटणची एसटी दिसली आणि तिच्यात खिडकीपाशी बसलेल्या सावित्रीबाई दिसल्या. पण ते डगमगले नाहीत. तीन तास म्हणजे त्यांच्या धंद्यात पुष्कळ वेळ. फळ्यावरची कार्डं त्यांनी मोजली, टेम्पोवाल्या ज्योतीरामला रावेतला पिटाळलं, ओंकारला फोन लावला आणि स्वतः सोनबांच्या अंगणात गेले.

अंगणात अडीचशे माणूस बसलं होतं. मे महिन्याचं ऊन ताडपत्र्यांवर तापत होतं. तेजस्विनी पाटावर बसली होती आणि तिची आजी आक्काबाई ओटी भरण्याचं सगळं जातीनं बघत होत्या. हिंदुरावांनी सोनबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

“आत्ता ताडपत्री काढायची?” सोनबांनी वर बघितलं. “व्याही उन्हात बशीवू व्हय मी? आन् पातेल्यातला भात कुठं वतू?”

“सोनबा, माझी नोकरी जाईल. नोकरी गेली तर बायको जाईल. गोदाम बंद पडेल ते वेगळंच.”

सोनबांनी थोडा विचार केला. “गोदामात पंखं हायती?”

“सहा. मोठे.”

“मंग समदीच चला की तिकडं. ताडपत्री बी येईल, भात बी येईल, नवरानवरी बी येतील.”

व्याह्यांना पंख्यांची कल्पना पटली. पटली नाही ती आक्काबाईंना. नारळ हातात, तांदूळ सुपात आणि पोरगी अर्ध्या ओटीनिशी पाटावरून उठवली, हे त्यांच्या सत्तर वर्षांत घडलं नव्हतं. नातवंडांनी त्यांना उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. वाटभर त्या हिंदुरावांकडे बघत होत्या आणि हिंदुराव वाटभर रस्त्याकडे बघत होते.

तेवढ्यात ज्योतीरामचा फोन आला. “मामा, बाया बादल्या देईनात. आत्ताच टँकर आलता, समद्या भरून ठेवल्यात. म्हणायलेत, पाणी ओतणार नाही. बादल्या पाहिजेत तर पाण्यासकट न्या, आन् आम्ही संगं येणार, पाण्यावर लक्ष ठेवायला.”

“घेऊन ये,” हिंदुराव म्हणाले.

“लै वजन व्हतंय मामा.”

“दोन फेऱ्या कर. पण आण.”

ओंकारचा फोन तर त्याहून थोडक्यात झाला. “मामा, टॉर्च आणि दोर घेऊन आम्ही बाराजण कंपनीच्या कॅबमध्ये बसलोय. पण ट्रॅफिकमध्ये कॅब हलत नाहीये.”

सव्वाबाराला गोदामाच्या दारात टॅक्सी थांबली आणि पाऊण तास आधीच डॉरोथीताई उतरल्या. ठेंगणी मूर्ती, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत वही. तरुणपणी समुद्र आपल्या घरावरून जाताना या बाईंनी पाहिलेला होता, त्यामुळे बोलण्यावर त्यांचा विश्वास कमी आणि बघण्यावर जास्त. मागून विजयश्री मॅडम उतरल्या. दोघी आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

आत अडीचशे माणसं दाटीवाटीनं फरशीवर बसली होती. एका कोपऱ्यात ताडपत्र्या घडी घालून रचलेल्या. पातेल्यांतून वाफाळता भात वाढला जात होता. दुसऱ्या बाजूला झाकणबंद बादल्यांच्या रांगा आणि त्यांच्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या रावेतच्या अकरा बायका. मध्यभागी अर्ध्या ओटीची नवरी.

डॉरोथीताई हळूहळू फिरल्या. एका बादलीचं झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, “पाणी भरूनच आणलंत?”

“मग काय रिकाम्या आणायच्या?” सोसायटीच्या दिपालीताई म्हणाल्या. “आणि मोजून परत नेणार आहोत.”

डॉरोथीताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात दारातून ओंकार आणि त्याचे सहकारी आत आले. शर्ट घामाने चिकटलेले, डोळे खोल गेलेले, एकाला धड उभंही राहवत नव्हतं.

“किती वेळ अडकला होतात?” डॉरोथीताईंनी काळजीने विचारलं.

“दोन तास.”

“समुद्रात?”

“हिंजवडीत.”

हे बेट त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या सगळ्यांना पाणी दिलं आणि पंख्याखाली जागा करून दिली. मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, “आम्ही सराव करतो तेव्हा कागदावर माणसं दाखवतो. तुम्ही खरी माणसं उठवून आणलीत. आणि चेहऱ्यांवरचा त्रास किती खरा वाटतोय.” मॅडमनी हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुरावांनी मच्छरदाण्यांकडे पाहिलं.

आता फॉर्म भरायचा होता. आपत्तीतून आलेल्या एखाद्या वयस्कर माणसाची माहिती त्यात लागते. डॉरोथीताई थेट आक्काबाईंपाशी जाऊन मांडी घालून बसल्या. मॅडम दुभाषी झाल्या.

“आजी, तुमचं काय काय गेलं?”

“मांडव गेला,” आक्काबाई म्हणाल्या. कुणीतरी विचारायची त्या वाटच बघत होत्या. “पंगत मोडली. पोरीची वटी अर्ध्यात ऱ्हायली. मला पोत्यावानी उचलून ट्रॉलीत टाकली.”

“कधी झालं हे?”

“धाच्या पुढं. काय सूचना न्हाई, काय न्हाई.”

डॉरोथीताईंनी त्यांचा हात हातात घेतला. वादळांना नावं असतात आणि फॉर्मवर त्यासाठी एक रकाना असतो. त्यांनी विचारलं, “वादळाचं नाव ठाऊक आहे?”

मॅडमनी चाचरत भाषांतर केलं. आक्काबाईंनी बोट वर केलं. “ह्यो काय फुडं हुबा हाय. हिंदुराव.”

हिंदुराव पुढे झाले आणि आपल्या चाकणी हिंदीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. माल पडून राहिलेला बघवला नाही, म्हणून वाटून दिला. कार्डं लावली. हा सराव नव्हे, हा एक साखरपुडा आहे. मॅडमची काही चूक नाही, चूक माझी एकट्याची.

डॉरोथीताईंचे खांदे हलू लागले. हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“लाटेनंतर आमच्याकडे सीलबंद पेट्या आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “तंबू कसा उभारायचा ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि निम्मे टॉर्च पेटलेच नाहीत. वर्षानुवर्षं कुणी पेटीला हातच लावला नव्हता.” त्यांनी घड्याळ बघितलं. “सराव मात्र व्हायचाच आहे. एक वाजलाय.”

सोनबांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि उरलेला भात एका स्वच्छ धोतरावर काढायला लावला. व्याहीही उठले. रावेतच्या बायकांनी, ‘बघा बाई, हे पाणी मोजायचं नाही’ असं एकमेकींना सांगत, बादल्यांतल्या पाण्याने पातेली घासून दिली. ओंकारची मंडळी हिंजवडीतून सुटल्याच्या आनंदातच होती. ताडपत्र्या, बादल्या, पातेली, दोर हातोहात सरकू लागले आणि चाळीस मिनिटांत ट्रक भरला. मग आक्काबाईंनी तेजस्विनीला पुन्हा पाटावर बसवलं आणि ओटी पहिल्यापासून भरली. डॉरोथीताईंनाही त्यांनी हाताला धरून पंगतीत बसवलं आणि भातावर स्वतः तूप वाढलं. हिंदुरावांना मात्र दोनदा मागावं लागलं.

पंधरा दिवसांनी बेटावरून पत्र आलं. गोदाम तळवड्यालाच राहील. निम्मं सामान बेटावरच्या घरांत रोजच्या वापराला द्यायचं, आणि ते कसं द्यायचं, परत कसं गोळा करायचं, हे शिकवायला हिंदुरावांनी बेटावर यावं. सोबत सरावाचा अहवाल होता आणि त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: वादळाचं नाव, हिंदुराव.

ती ओळ अंगठ्याखाली झाकून त्यांनी पत्र सावित्रीबाईंना दाखवलं. सावित्रीबाईंनी अंगठा बाजूला केला, ओळ वाचली, आणि एकदा पुन्हा वाचली.

“हुशार बाई आहे,” त्या म्हणाल्या. “तिला एका दुपारी कळलं. मला लग्नानंतर पंधरा दिवस लागले होते.”