आबांना कुठे बसवायचं?

"माझे कपडे कुणी धुतले?"

पहाटे पावणेसहाला चैत्राली अशी काही ओरडली, की नेदरलँड्समधल्या बेस्ट गावच्या त्या गल्लीत ज्यांनी कुणी आयुष्यात कधी कपडे धुतले असतील ते सगळे दचकून उठले असतील. मंजूषा गॅससमोर उभी राहून पोह्यांना फोडणी देत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

"मी धुतले. बाल्कनीत पिशवीत कोंबले होतेस. पाला, माती, वर एक गोगलगाय. दोनदा मशीन लावलं. सॉफ्टनर डबल घातलं."

"आई! कपड्यांना माणसाचा वास राहू नये म्हणून आठ दिवस बाहेर ठेवले होते मी ते!"

"गेला ना वास. आता गुलाबाचा येतोय."

चैत्रालीनं जॅकेट नाकाशी धरलं. गुलाबाचा येत होताच. पण रात्रभर ते वाळत घातलं होतं स्वयंपाकघरात, त्यामुळे गुलाबाच्या मागून हिंग, हिंगाच्या मागून कालची लसणाची फोडणी, असा सगळा मेनूच येत होता. हरणाचं नाक माणसाच्या शेकडो पट तिखट असतं. हे जॅकेट घालून ती झाडावर बसली तर हरीण टिलबर्गला पोचेपर्यंत थांबणार नव्हतं.

आणि आज हरीण यायलाच हवं होतं.

भानगड अशी होती. चैत्राली सतरा वर्षांची. मार्चमध्ये गणिताच्या सरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, हिनं ते चुकलंय म्हणून सांगितलं, सरांनी "बस खाली" म्हटलं, ही बसली नाही, दप्तर उचलून घरी आली आणि परत गेलीच नाही. पण नेदरलँड्समध्ये अठराच्या आत असं घरी बसता येत नाही. खेमेंतेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, एक गोड हसणारी बाई दर महिन्याला येऊन जायची. शेवटच्या वेळी ती हसली नाही. सोमवारपर्यंत कुणीतरी कामावर शिकाऊ म्हणून घेतोय असं पत्र आण, नाहीतर शाळेत जा, असं सांगून गेली.

तिसरी वाट आबांनी काढली होती. आबा म्हणजे बाळासाहेब, वडिलांचे वडील, वीजमंडळातून रिटायर झालेले, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेले. मंगळवारी ते परत निघणार होते, आणि त्यांच्या शेजारच्या सीटचं तिकीट चैत्रालीच्या नावानं काढून झालं होतं. वृंदाआत्याकडे राहायचं, क्लास लावायचा, मुकाट बारावी करायची. क्लासवाल्यांनी तिचं नावसुद्धा लिहून घेतलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिनं हेंकला गाठलं. गावाबाहेर कालव्याजवळच्या जंगलात हेंकचा धनुर्विद्येचा तळ होता. नेदरलँड्समध्ये धनुष्यानं शिकार करायला बंदी, त्यामुळे त्याच्याकडे येणारे लोक शिकारीला परदेशी जायचे आणि इथं नुसता सराव करायचे. बाणाच्या जागी धनुष्याला छोटा कॅमेरा. दोरी ओढायची, फोटो काढायचा, झालं. हेंकचं म्हणणं, नेम कुणालाही शिकवता येतो. बसायचं कुठं, हे ज्याला कळतं तो खरा. म्हणून चैत्रालीची परीक्षा एकच होती. शनिवारी सकाळी नऊच्या आत हरीण वीस पावलांवर आलं पाहिजे. आलं, तर पत्र.

आठवडाभर तिनं ते जंगल पालथं घातलं होतं. ताज्या लेंड्या कुठे, साल कुठे घासलीय, मक्याच्या शेताकडे जायची वाट कुठली, सगळं पाठ. नाकात घालायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तांदळाची पिठी भरून, फुस्स करून उडवून, ती वारा बघायची. (मोदकांची पिठी संपली कशी, हा प्रश्न मंजूषाला गणपतीपासून पडलेला होता.) शेवटी एक ओकचं झाड ठरलं होतं. वारा हरणाकडून आपल्याकडे. पैकीच्या पैकी.

"मी पण एक ॲनॅलिसिस केलंय," गाडीत बसता बसता अंबरीश म्हणाला. हे तिचे बाबा. ती अठराच्या आतली म्हणून पालक हजर हवा अशी हेंकची अट, नाहीतर तिनं त्यांना चार गावांच्या आत येऊ दिलं नसतं. "पाच झाडं घेतली. व्हिजिबिलिटी, ॲक्सेस, फोनची रेंज, प्रत्येकाला वेटेज दिलं. तुझं ओक चौथं आलं."

"बाबा, हरणाला रेंज लागत नाही."

"मला लागते. माझा ऑन-कॉल आहे."

अंबरीशनं अंगात गणपतीच्या कार्यक्रमाला घालायचं जाड जॅकेट चढवलं होतं. त्यात सहा वर्षांच्या महाप्रसादांचा वास मुरलेला होता. वरून डिओ. आणि मागच्या सीटवर आबा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, "बंद घरात बसून काय करू?" म्हणत ते माकडटोपी घालून आधीच येऊन बसले होते. गुडघ्यांना बाम, खिशात कापराची वडी, मांडीवर पोह्यांचा डबा.

चैत्रालीनं चारी काचा खाली केल्या.

"गारठा येतोय गं," आबा म्हणाले.

"येऊ दे."

जंगलाच्या तोंडाशी हेंक उभा होता. साठीचा, उंच, हातात थर्मास. गाडीचं दार उघडलं तसा तो दोन पावलं मागे सरकला. चैत्राली मात्र थेट कडेच्या एका खड्ड्याकडे गेली आणि ओल्या पाल्यात आडवी होऊन गडबडा लोळली. पाठ, पोट, परत पाठ. उठली तेव्हा गुलाबही गेला होता आणि मुलगीही जवळजवळ गेली होती.

"आता तुम्ही लोळा," ती अंबरीशला म्हणाली.

"मी प्रिन्सिपल इंजिनिअर आहे."

"आज तुम्ही महाप्रसाद आहात! लोळा!"

"चैत्राली, आवाज खाली. मी माझ्या झाडावर बसतो, तू तुझ्या. पालकानं नजरेच्या टप्प्यात असावं, एवढंच लिहिलंय फॉर्मवर. ते बीच जातीचं झाड तुझ्यापासून तीस पावलांवर आहे आणि माझ्या लिस्टमध्ये पहिलं आलंय."

"तिथून वारा सरळ हरणाच्या वाटेवर येतो!"

"बसू दिलंस तर सही करतो. नाहीतर चला घरी."

तिनं त्यांना ओढत बीचखाली नेलं, टॉर्च लावला आणि पिठीची बाटली त्यांच्या तोंडासमोर फुसकारली. पांढरा धूर बीचकडून निघाला आणि शिस्तीत हरणाच्या वाटेवर जाऊन पसरला. अंबरीशनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "एका सॅम्पलवरून काही सिद्ध होत नाही." हेंकनं घड्याळ बघितलं. तिनं दातओठ खाल्ले आणि फॉर्म पुढे केला.

आता उरले आबा. बाम आणि कापूर. ते म्हणत होते, मी तुझ्याच झाडाखाली बसतो, फक्त दक्षिणेकडे तोंड करून बसवू नकोस म्हणजे झालं.

"गाडीत बसा ना आबा."

"गाडीत मला मळमळतं."

"चालत्या गाडीत मळमळतं. ही उभी आहे."

"मला विचार करूनच मळमळतं."

तिचं डोकं फुटायची वेळ आली. पण डोळे गप्प बसले नाहीत. तिनं परत बाटली काढली, टॉर्चच्या उजेडात पिठी उडवत उडवत ती जंगलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, जिथं कापलेल्या ओंडक्यांचा ढीग होता आणि त्यामागे कालवा. तिथं पिठी सरळ पाण्यावर निघून गेली. म्हणजे आबांचा बाम, आबांचा कापूर, सगळं कालव्यात. झाडांकडे एक कण जाणार नाही. मागे ओंडके, त्यामुळे आबांचा आकारही दिसणार नाही. तिनं हेंकची घडीची खुर्ची तिथं मांडली, तोंड पूर्वेला.

"इथं बसा. हलायचं नाही. बोलायचं नाही. पोह्यांचा डबा उघडायचा नाही."

"आणि वृंदाचा फोन? शनिवारी सगळे असतात व्हिडिओवर. सुदर्शन, नीलांबरी, पोरं..."

"लावून ठेवा. आवाज बंद." तिनं स्वतः आवाज शून्यावर नेला, फोन त्यांच्या समोरच्या एका सुट्या ओंडक्यावर टेकवून उभा केला. "त्यांना तुम्ही दिसाल. त्यांना तेवढं पुरे."

सात वाजता चैत्राली ओकवर चढली. साडेसातला उजाडलं. समोरची वाट धुक्यात मऊ दिसत होती, ओल्या मातीत कालचेच खुरांचे ठसे होते. आठ वाजून दहा मिनिटांनी झुडपात काहीतरी हललं. तिनं श्वास धरला, दोरी हळूहळू मागे आणली. पानांमधून आधी कान दिसले, मग काळं ओलं नाक. नाक वर झालं. बीचच्या दिशेला वळलं.

तीस पावलांवर प्रिन्सिपल इंजिनिअर शिस्तीत बसले होते. हलत नव्हते, बोलत नव्हते, नुसते दरवळत होते.

नाकानं एकदा हुंगलं आणि नाहीसं झालं. झुडूपही हललं नाही. जणू कुणी हरीण पुसून टाकलं.

मग काहीच नाही. साडेआठ. पावणेनऊ. एक खार आली, तिनं चैत्रालीकडे बघितलं आणि तीही गेली. नऊला हेंकनं खालून शीळ घातली.

"वाईट वाटतं," तो डचमध्ये म्हणाला. "झाड बरोबर होतं. पण नियम म्हणजे नियम."

चैत्रालीला रडायचं नव्हतं, म्हणून ती भांडली. "गुलाब! हिंग! डिओ! एक माणूस घरात असा नाही ज्याला वास नाही! तुमच्या एक्सेलमध्ये नाकाचा कॉलम कुठे होता? आता जाते मी पुण्याला, आणि बारावीत नापास होऊन दाखवते, मुद्दाम!"

अंबरीशनं जॅकेटची बाही हळूच नाकाला लावली. आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला. स्क्रीनवर त्रेसष्ट मेसेज.

"ऑफिस?" चैत्राली खेकसली.

"वृंदा." तो वाचू लागला. "'दादा फोन उचल.' 'दादा आबांना उठव.' 'दादा मागे बघायला सांग.' नीलांबरी म्हणतेय, 'आबा डोळे उघडा.' सुदर्शन म्हणतोय, 'कुणी उठवू नका, मी रेकॉर्ड करतोय.'" मग त्यानं फोटो उघडला आणि फोन तिच्या हातात दिला.

फोटो पावणेनऊचा होता. त्यात आबा होते. मान मागे, तोंड उघडं, गाढ झोपलेले. आणि त्यांच्या खांद्यामागून, ओंडक्यांच्या कडेनं मान लांब करून, एक हरीण त्यांच्या माकडटोपीचा गोंडा हुंगत होतं.

सगळे धावले. हेंक सगळ्यात पुढे, साठीच्या मानानं फारच जोरात. आबा अजून झोपलेलेच होते. हेंक मातीत गुडघ्यावर बसला. खूर ताजे होते. त्यानं वाट शोधत शोधत मागे बोट नेलं: बीचकडचा वास लागला तशी हरणानं पूर्ण जंगलाला वळसा घातला होता आणि ज्या एकमेव जागी कसलाच वास नव्हता तिथून निघालं होतं. त्यानं खुरापासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं. पाऊल टाकायचीसुद्धा गरज पडली नाही.

"ही जागा कुणी निवडली?"

अंबरीशनं चैत्रालीकडे बोट दाखवलं. "हिनं. मी साक्षीदार आहे."

चैत्रालीला खोटं बोलता आलं असतं. पण चुकीचं उत्तर फळ्यावर राहिलेलं तिला बघवत नाही. "हरणासाठी नव्हती निवडली," ती म्हणाली. "आबा नडू नयेत म्हणून निवडली."

हेंक इतका हसला की थर्मास सांडला. "तीस वर्षं मी लोकांना हेच शिकवतोय. जागा हरणासाठी नसतेच शोधायची. हा जो माणूस आहे, त्याला कुठे ठेवला की तो नडणार नाही, तेवढंच बघायचं असतं." आणि त्यानं तिथंच, ओंडक्यावर कागद ठेवून सही केली.

तिनं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खालची ओळ दिसली: आठवड्यातून चार दिवस काम, एक दिवस शाळा. शिकायच्या विषयांत गणितही.

"गणित कशाला?"

"वाऱ्याला," हेंक म्हणाला.

तेवढ्यात आबांनी डोळे उघडले. चौघं समोर उभे असल्यासारखं त्यांना वाटलं. होते तिघंच, पण फोनमध्ये पुण्यातले अकरा जण हात हलवत होते.

"आलं का हरीण?"

कुणीतरी त्यांना फोटो दाखवला. आबांनी तो जवळ धरला, लांब धरला, टोपीचा गोंडा चाचपून बघितला. गोंडा ओला होता.

"म्हणजे चौदा जणांनी बघितलं," ते सावकाश म्हणाले, "आणि ज्याच्यासाठी आलं त्याला उठवलं नाही."

"आबा," चैत्रालीनं पत्र पुढे केलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मंगळवारचं माझं तिकीट..."

"रद्द कर." त्यांनी पत्राकडे बघितलंसुद्धा नाही. ते मान वळवून ओंडक्यांमागची वाट निरखत होते. "माझंही पुढे ढकल. पुढच्या शनिवारी मी झोपणार नाही. ही खुर्ची इथंच राहू दे, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि ती पिठीची बाटली माझ्याकडे दे."

"आणि मी?" अंबरीशनं विचारलं. "मी कुठे बसू?"

आबांनी बाटली फुसकारली. पिठी कालव्याकडे जाताना त्यांनी डोळे बारीक करून बघितली.

"तू," ते म्हणाले, "ॲमस्टरडॅममध्ये."