व्यंकटरावांचं फोर व्हील

आमचे शेजारी व्यंकटराव दाराजवळ स्टूल टाकून जेवतात आणि जेवतानाही त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेरच्या चपलेत असतो. चार घास झाले की उठतात, फाटकापाशी उभ्या असलेल्या पिकअपला एक चक्कर मारतात आणि परत येऊन पाचवा घास घेतात. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी वाढता वाढता म्हणतात, "गाडी पळून जात न्हाई. तुमीच पळून राहिलात."

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी एका कॉलेजात मशिनशॉपला शिकवतो, म्हणून ते मला सर म्हणतात. पण गाडीच्या बाबतीत मी त्यांचा विद्यार्थी, तोही मागच्या बाकावरचा. सरकारी खात्यात तीस वर्षं त्यांनी जीप चालवली. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. यांनी जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली, लागेल तेव्हा चारी चाकांना इंजिनाचा जोर देणारी. भाडं मारत नाहीत, माल वाहत नाहीत. कशाला घेतली विचारलं तर म्हणायचे, "असू द्या की. जरूरत काय सांगून येते का?"

बोलता बोलता कुणाचीही परीक्षा घ्यायची त्यांना आदत. दूधवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा.

"फोर व्हील कधी लावायचं, सांगा."

"गाडी फसल्यावर," समोरचा म्हणतो. सगळे तेच म्हणतात.

"मग तुमी बसा तिथंच," व्यंकटराव म्हणतात. "फसल्यावर चारी चाकं मिळून खड्डा खांदतेत. चिखल दिसला की लावायचं, शिरायच्या आधी. आन् डांबर लागलं की काढायचं. बास."

त्यांचे जावई लातूरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतात. त्यांनी नवी मोठी फोर बाय फोर गाडी घेतली आणि सासऱ्यांना दाखवायला आणली. गल्लीच्या वळणावर टायर कुरकुरले. व्यंकटराव पानावरून उठून बाहेर गेले. 'या' नाही, 'बसा' नाही. "लातूरपसून फोर व्हीलमधी आलात का?"

"हो. ग्रिप चांगली मिळते," जावई म्हणाले.

व्यंकटराव शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी जावयांना समोरच्या कोरड्या रस्त्यावर गोल गोल फिरायला लावलं. "वळताना पुढची चाकं जास्ती चालतेत, मागची कमी. दोघायला तुमी एकत्र बांधलं. चिखलात चाक घसरून हिशोब मिटवतंय. डांबर घसरू देत न्हाई, मग भांडण गिअरात जातंय. ऐकू येतंय का?" काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. जावयांना ऐकू आलं की भूक लागली ठाऊक नाही, पण ते "हो, हो" म्हणाले आणि सुटले.

पाऊस सुरू झाला की मात्र व्यंकटरावांचं बोलणं कमी व्हायचं आणि येरझाऱ्या वाढायच्या. आभाळाकडे बघायचे, फोन कानाला लावायचे, परत खिशात टाकायचे. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायचे. "जरा फोर व्हील चालतंय का बघून येतो. वापरलं न्हाई तर अडकतंय ते." बघायला जायचे ते थेट देगलूरच्या पुढं, ऐंशी-नव्वद किलोमीटर.

दोन वर्षांपूर्वी मला त्या तपासणीचं कारण कळलं. चार दिवस पावसाची झड लागली होती. सकाळी ते माझ्या दारात आले. "सर, चलता का? अक्काचा फोन लागंना."

अक्का त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना वाढवलं. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून बापाच्या शेतात, आखाड्यावर म्हणजे गोठ्यालगतच्या दोन खोल्यांत एकटी राहते. नांदेडला यायला तयार नाही. एवढं त्यांनी मला वाटेत तुकड्या तुकड्यानं सांगितलं, आणि दर तुकड्यामागं एकदा फोन लावून बघितला.

गावाबाहेर शेताकडं जाणारी पांदण सुरू होते, दीड किलोमीटरची कच्ची वाट. तोंडाशीच एक ट्रॅक्टर रुतून बसला होता. त्याचा मालक टायरवर बसून तंबाखू मळत होता. "जाऊ नका," तो म्हणाला. "माणूस जात न्हाई, गाडी काय जाती."

व्यंकटरावांनी कडक जमिनीवर गाडी थांबवली, न्यूट्रल केली आणि छोटा लिव्हर फोर लोला, म्हणजे चारी चाकं हळू पण पुऱ्या ताकदीनं फिरवणाऱ्या गिअरला, टाकला. नंतर जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. जो माणूस स्टुलावर पाच मिनिटं बसत नाही, तो दगडासारखा बसला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, एकाच चालीत. ना वेग वाढवला, ना ब्रेक मारला. काळी माती चाकांना लगडून वर पत्र्यावर आदळत होती. पुढं नाल्याचा उतार आला, माझा पाय आपोआप दाबला गेला.

"पाय उचला, सर," ते म्हणाले. "इथं इंजन धरतंय. ब्रेक मारला की घसरलो."

नाल्यापाशी उतरून ते आधी स्वतः पाण्यात चालून आले. पाणी नडगीपर्यंत होतं. "गुडघ्याच्या वर असतं तर पायी गेलो असतो," म्हणाले. "फोर व्हीलला पाणी काई घाबरत न्हाई."

अक्का खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी गायीला चारा टाकताना घसरल्या होत्या. पाय घोट्यापाशी भोपळ्यासारखा सुजला होता. फोन पाण्यात पडला म्हणून वाळायला तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवला होता.

"आलास का," त्या म्हणाल्या. "चहा ठेव, मला उठता येत न्हाई."

व्यंकटरावांनी चहा ठेवला. साखर अर्धी चुलीत गेली. मग अक्कांना दोन्ही हातांवर उचलून गाडीत बसवलं. देगलूरच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, महिनाभर नांदेडला ठेवून घेतलं. गाय शेजारच्या शेतकऱ्यानं सांभाळली. प्लास्टर निघालं त्या दिवशी अक्का पिशवी भरून गाडीत जाऊन बसल्या.

गेल्या उन्हाळ्यात ती पांदण झाली. खडी पडली, वर डांबर, नाल्यावर पूल. अख्खं गाव खूष. मी व्यंकटरावांना म्हणालो, आता काळजी मिटली. ते म्हणाले, "हाव. आता कुनाची बी स्कूटी जाईल अक्काकडं." आणि उठून गाडी पुसायला गेले. गाडी स्वच्छच होती.

पावसाळा आला आणि गेला. त्यांचं जाणं कमी कमी होत बंद झालं. फोर व्हील तपासायला आता चिखल कुठं होता? आणि बहिणीला बघावंसं वाटतं, म्हणून जातो, असं म्हणायची त्या दोघांच्या घराण्यात रीत नव्हती. फोनवर अक्का विचारायच्या, पाऊस हाय का? हे सांगायचे, न्हाई. फोन संपला. इकडे ह्यांनी गल्लीत फिरून फिरून चपला झिजवल्या. शेवटी काकूच माझ्याकडे आल्या. "सर, तुमीच तिकडचं काईतरी काम काढा. ह्यांनी मला येडं करून सोडलंय."

मी मला शेतावरची तूरडाळ हवी म्हणून सांगितलं. पुढचं वाक्य म्हणेपर्यंत गाडी सुरू झाली होती.

दिवाळी होऊन गेली होती. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. गावाबाहेरच्या नव्या डांबरावरून आम्ही तीन मिनिटांत आखाड्याशी पोचलो. रस्त्यापासून अक्कांच्या अंगणापर्यंत पन्नास पावलांची कच्ची वाट राहिली होती. व्यंकटरावांनी गाडी थांबवली.

दोन्ही बाजूंच्या रानाला हाताएवढ्या भेगा होत्या. फक्त ती पन्नास पावलं चिखलानं लडबडलेली. गोठ्याआडून बोअरचा काळा पाइप आलेला दिसत होता आणि त्याच्या तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"सर," ते म्हणाले, "इथं फोर व्हील लावावं लागतंय."

त्यांनी लिव्हर ओढला. गाडी डुलत, चिखल उडवत अंगणात गेली. अक्का दारात उभ्या होत्या. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला होता.

"लई चिखल झालाय की गं," व्यंकटराव उतरत म्हणाले.

"हाव ना. दुसऱ्या कुनाची गाडी येत न्हाई," अक्का म्हणाल्या.

आम्ही जेवलो, गप्पा झाल्या, तूरडाळ बांधून घेतली. ऊन कलल्यावर निघालो. गाडीत बसण्याआधी व्यंकटराव गोठ्याकडे गेले. पाइप गुंडाळून सावलीला ठेवला आणि हात झटकत आले.

"पाइप उन्हात नको टाकत जाऊस, अक्का," ते म्हणाले. "चिरतंय."

अक्कांनी पदर सारखा केला. "बरं," म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी काम झालं की सावलीला ठेवते."

"बुधवारी येतोच," व्यंकटराव म्हणाले.