फुलाला रेशमी अस्तर

धाकट्या सुनेचा हिशेब सरळ होता. सासूबाईंचं शिलाई मशीन मिळालं, की खिडकीजवळची उजेडाची जागा मिळणार. आणि तिथे बसून 'शिवतेय' एवढं म्हटलं, की दुपारची भांडी आपोआप थोरलीच्या वाट्याला जाणार.

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेलं. पायमशीन मारताना गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "माझ्या गोधडीसाठी दोघींनी घड्यांचं एकेक फूल शिवा. जिच्या घड्या नीट बसतील, मशीन तिचं." काम दिसायला सोपं. चौकोनी कापडाचे चारही कोपरे मधोमध आणायचे, पुन्हा तेच करायचं, मध्ये पक्का टाका घालायचा आणि कडा वळवून पाकळ्या काढायच्या. "फक्त मांडीवर घेऊन शिवू नका गं," सासूबाई म्हणाल्या. हे वाक्य थोरलीने ऐकलं. धाकटी तेव्हा जिंकल्यावर फोटो कसा काढायचा, या विचारात होती.

फूल नारिंगी, म्हणजे फोटोत त्याच्यामागे निळं हवं. निळं तिच्याकडे नव्हतं; ते चिंधी शोधताना थोरलीच्या ट्रंकेत, पांघरुणांच्या तळाशी सापडलं. रेशमी साडी, घडीही न मोडलेली. घराची डागडुजी निघाल्यापासून 'या वर्षी कोणी नवं कापड घ्यायचं नाही' हा कायदा थोरलीनेच काढलेला! लपवलेल्या वस्तूसाठी कोणी बोंब मारत नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. थोरली बाजारात गेली होती. धाकटीने साडी नेसली, खुर्चीत बसली, फूल मांडीवर घेतलं आणि मधला टाका असा पक्का घातला, की उठायला गेली तर फुलाबरोबर निऱ्याही वर आल्या.

कात्री चार पावलांवर, मशीनपाशी. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. धाकटीने हाताला लागली ती चादर गळ्यापर्यंत ओढली.

"हे काय गं? भर दुपारी चादर?" थोरलीने विचारलं.

"थंडी वाजतेय, ताई."

"उठ, पलंगावर पड."

"नको! उठलं की चक्कर येते."

थंडी आणि चक्कर म्हटल्यावर सासूबाई घोंगडी घेऊन आल्या. थोरलीने गरम पाण्याची पिशवी आणली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना वामकुक्षीतून उठवून आणलं. तोपर्यंत धाकटीला घामाच्या धारा लागल्या होत्या.

"ताप तर नाही," थर्मामीटर बघत डॉक्टर म्हणाले. "जरा उभ्या राहा, चार पावलं चाला."

"नाही जमणार."

"पायात काही होतंय का?"

"पायात नाही हो, मांडीवर... म्हणजे मांडीत."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "राहू दे बाई. फूल झालंय ना? बसल्या बसल्या दे माझ्याकडे."

"झालंय, पण इथे आत आहे."

सासूबाईंचा डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. त्यांनी पांघरुणाखाली हात घातला आणि पाकळी न् पाकळी चाचपली. "वा! घडी काय बसलीये! आणि मागे हे गुळगुळीत काय?"

"अस्तर," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"रेशमी अस्तर! ऐकलंस का गं थोरले? याला म्हणतात हौस. मशीन हिचं."

"अस्तर? बघू तरी," म्हणत थोरलीने घोंगडी आणि चादर एकदमच ओढली.

निळं रेशीम झळकलं. डॉक्टरांनी थर्मामीटर खिशात घातला आणि मुकाट्याने जिना गाठला.

"अगं, ही तर माझी..." थोरली म्हणाली आणि तिथेच तिने जीभ चावली.

"तुझी काय?" सासूबाईंनी विचारलं.

"माझी... नाही. हिचीच असेल."

"माझी कुठली? मी कायदा पाळते," धाकटी म्हणाली. "ताईंचीच ती."

"मुळीच नाही! तुझी!"

"तुमची!"

सासूबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे कोणाचीच नाही. बरं झालं, गोधडीला झालर हवीच होती. धाकटे, साडी बदलून ये. टाक्याला हात लावू नकोस, अस्तरासकट राहू दे."

साडी हातात येताच त्यांनी कात्री उचलली. थोरलीने डोळे मिटून घेतले. साडीच्या पट्ट्या भराभर पडत गेल्या, तेव्हा धाकटीने हळूच विचारलं, "आई, मशीन मग आजच घेऊ?"

"आज कसं? एवढी झालर मग काय हाताने शिवू?" सासूबाई खिडकीपाशी बसून पायमशीन मारू लागल्या. गुडघ्यांची एकदाही कुरकुर ऐकू आली नाही.

थोरलीची साडी गेली, धाकटीचं मशीन गेलं, डॉक्टरांची झोप गेली. सासूबाईंना मात्र गोधडीभर रेशमी झालर मिळाली, आणि तीही दोन्ही सुनांनी एकमेकींचं नाव घेऊन आग्रहाने दिलेली.