इब्राहिमचं दार

“इब्राहिम खूप म्हातारे झाले आणि एक दिवस वारले,” असं मयूरीनं सहावीच्या वर्गाला सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न रोशनीचा आला.

“बाई, मंग त्यासनं दार कोठे व्हतं?”

वर्गात कोणी हसलं नाही. प्रश्न रास्तच होता. तापीकाठच्या त्या गावात माणूस गेलं की घरापुढे सतरंजी पडते आणि लोक दारावर बसायला येतात. दार कुठे ते ठाऊक नसलं तर बसायला जाणार कुठे? यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचा मूळपुरुष म्हणजे दारही तसंच मोठं असणार.

“एकच दार होतं,” मयूरी म्हणाली. “मुलगे दोन. इसहाक घरी वाढला. इस्माईलला लहानपणीच आईबरोबर वाळवंटात जावं लागलं. पुढे इसहाकच्या वंशात मूसा झाले, येशू झाले. इस्माईलच्या वंशात मुहंमद पैगंबर झाले. पण बाप गेला तेव्हा दोघं भाऊ आले आणि दोघांनी मिळून त्याला माती दिली. यहुद्यांच्या ग्रंथात तसं लिहिलंय, आणि ख्रिस्ती लोकही तो ग्रंथ मानतात.”

ही मांडणी तिची नव्हती, तिच्या वडिलांची होती. हेमकांत गुरुजींनी याच शाळेत हा धडा आयुष्यभर शिकवला. पुस्तकात संस्थापक, धर्मग्रंथ आणि प्रार्थनास्थळ असे तीन रकाने होते. मुलं ते संध्याकाळपर्यंत पाठ करत आणि सकाळी विसरत. गुरुजी म्हणायचे, आधी घर सांगायचं, मग धर्म. घर कळलं की भांडण कशाचं ते पोरांना न सांगता कळतं.

गुरुजींना जाऊन आता वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या वेळी दारं दोन पडली होती. थोरल्या अमृतनं रनाळ्याला सतरंजी टाकली, कारण घर तिथलं. धाकट्या भावेशनं शहाद्याकडे, साखर कारखान्याच्या पुरुषोत्तमनगरला टाकली, कारण शेवटचं आजारपण त्यानं काढलं होतं. लोक दोन्हीकडे बसून आले आणि कुठला चहा बरा होता त्यावर बोलले. मयूरीनं सुतकाचे दिवस एसटीत बसून काढले. ज्या दारात जाई तिथे तिच्या हातात चहाचा ट्रे दिला जाई. रडायला म्हणून ती कुठेच बसली नाही. आता वर्षश्राद्धाची आमंत्रणंही दोन निघाली होती. दोन्हींवर गुरुजींचा फोटो तोच, वार तोच, वेळ तीच. महिनाभर ती फोन करत होती: कार्य एकच करा. अमृत म्हणे, “भाव्याले सांग.” भावेश म्हणे, “दादाले इचार.”

धडा करून दाखवायचा, ही गुरुजींची पद्धत. त्यात इब्राहिमचं सोंग कोणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पैगंबराची नक्कल करत नाहीत, त्यांची जागा रिकामी ठेवायची. मयूरीनं व्हरांड्यात सतरंजी टाकली, मध्ये जागा रिकामी ठेवली. दोन मुलगे दोन टोकांनी येणार, बाकीचे दारावर बसणार. मुलींना रडायला शिकवावं लागलं नाही. गावात वाढलेल्या मुली त्या. पहिल्याच सुराला झाडावरचे कावळे उडाले.

तेवढ्यात मुख्याध्यापक अजित सर मागच्या ऑफिसातून ओरडले, “मॅडम, ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालंय! तुमचा चेहरा दिसला पाहिजे!”

“मी येईपर्यंत सराव करा,” असं सांगून मयूरी गेली. प्रशिक्षणाचा विषय ‘आनंददायी शिक्षण’ हा होता. तो लांबला.

इकडे काय झालं ते तिला नंतर कळलं. गावातले धुडकू आप्पा बाजाराची पिशवी घेऊन रस्त्यानं चालले होते. रडणं ऐकलं, सतरंजी पाहिली. त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि मान खाली घालून सतरंजीच्या कडेला बसले. दारावर बसलेल्यानं कोण गेलं असं विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे आपल्याला खबर नव्हती असं कबूल करणं, आणि घरच्यांचा तो अपमान. आप्पा बसले म्हणून शाळेसमोरच्या भजीवाल्यानं कढई उतरवली आणि तोही बसला. मग शेतावरून परतणाऱ्या बायांचा टेम्पो थांबला. बाया एकमेकींच्या गळ्यात पडत उतरल्या आणि मुलींच्या सुरात त्यांचा सूर मिसळला. मुलांना वाटलं, बाईंनीच बोलावलंय. ती आणखी जीव लावून रडू लागली.

पण मेलं कोण, हा प्रश्न प्रत्येकाच्या पोटात होताच. विचारता येईना, म्हणून जो तो डोळ्यांनीच माणसं मोजू लागला. पोरं सगळी दिसत होती. मुख्याध्यापक खिडकीतून हलताना दिसत होते. मयूरीबाई तेवढ्या, आत भिंतीआड संगणकापुढे बसल्यामुळे, कुठे दिसत नव्हत्या. वर्षभर बाईंचा चेहरा उतरलेलाच होता, हे सगळ्यांना एकदम आठवलं. आप्पांनी बाजूला जाऊन दोन्ही भावांना फोन केले. या घरात खबर दोन ठिकाणी द्यावी लागते, हे आता गावाला माहीत होतं.

आतून ऐकू येणारं रडणं मयूरीला सरावाचंच वाटलं होतं. प्रशिक्षण संपवून ती बाहेर आली तर निम्मं गाव टोप्या काढून बसलेलं. कोणाच्या घरचं गेलं? तिनंही विचारलं नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बायांच्या शेवटच्या ओळीत बसली. मागोमाग अजित सर आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुरुषांत जाऊन बसले.

बसल्यावर मयूरीला रडू आलं. आधी थोडं आलं, मग आवरेना. हातात ट्रे नव्हता. कोणी “साखर कोठे शे?” म्हणून विचारत नव्हतं. वर्षभराचं साचलेलं सगळं त्या सतरंजीवर सांडलं.

शेजारच्या दगूबाईनं न पाहताच तिच्या पाठीवर हात ठेवला. “उगी माय, उगी. सोनानी पोर व्हती. बाप गया तव्हयपाईन झुरी झुरी गयी.”

“कोण गेलं, मावशी?” मयूरीनं शेवटी विचारलंच.

“कोन म्हंजे? आपली मयूरीबाई. गुरुजीनी पोर.”

हे ऐकून तिला धक्का बसायला हवा होता. तिला बरं वाटलं. तिच्यासाठी एकच दार पडलं होतं आणि सगळे त्याच दारावर बसले होते. आणखी थोडा वेळ तसंच बसावं असं तिला वाटलं. पण दगूबाई बिचारी खरोखरच रडत होती. मयूरीनं पदर मागे घेतला.

“मावशी, मी मयूरी.”

दगूबाईनं जी किंकाळी फोडली तिच्यापुढे आधीचं सगळं रडणं फिकं पडलं. माणसं उठली, पडली, चपला शोधू लागली. अजित सरांनी चष्मा चढवला, मयूरीकडे पाहिलं आणि पुन्हा काढला.

“मंग वारनं कोन?” धुडकू आप्पांनी गर्जना केली.

रोशनी हात जोडून उभी राहिली. “इब्राहिम.”

“कोन इब्राहिम? कव्हय वारना?”

“चार हजार वरीस व्हयनात, आप्पा.”

आप्पांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. “मंग आम्हले याले जरा उशीरच व्हयना,” ते म्हणाले. “आपला काय लागस तो?”

“यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, तिन्हीसना बाबा शे,” रोशनीनं धडा म्हणून दाखवला.

“पोरस्ले हाई शिकाडी ऱ्हायनात?” मागून कोणीतरी म्हणालं. अजित सर घाईघाईनं म्हणाले, “पुस्तकात आहे हो, पुस्तकात आहे! रडणं तेवढं नाही.”

तेवढ्यात शहाद्याच्या बाजूनं भावेशची मोटारसायकल आली आणि दुसऱ्या बाजूनं अमृतची जीप. मयूरीनं दोन मुलग्यांना नेमून दिलं होतं तसेच दोघं दोन टोकांनी आले. फाटकात समोरासमोर पडले.

“दादा! ताई गयी रे!”

“भाव्या! काल तिन्हा फोन उना तर मी उचलाच नही रे!”

आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. वडील गेले तेव्हा हे झालं नव्हतं. याच मिठीसाठी ती महिनाभर फोन करत होती. मयूरी व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहून पाहत राहिली. बाहेर न जाण्याचा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही.

“दादा,” ती शेवटी पुढे होऊन म्हणाली, “मी आठेच शे.”

दोघांनी पाहिलं. अमृतनं तिचा दंड चाचपला, ती खरंच आहे ना म्हणून. मग त्याचा चेहरा बदलला. “मंग हाई काय नाटक?”

“नाटकच,” मयूरी म्हणाली. “पोरांचं.”

“गाळप चालू शे कारखानामा,” भावेश म्हणाला. “काम टाकी उनू मी.”

“मी वेचेल कापूस आंगणमा टाकी उनू. ना गावमा तोंड दखाडाले जागा ठेवी तू. बाबानं नाव घालं.”

“दादा बरोबर सांगी ऱ्हायना,” भावेश म्हणाला.

हे वाक्य त्या घरात वर्षभर कोणी उच्चारलं नव्हतं. दोघं भजीवाल्याकडे गेले. त्यानं कढई पुन्हा चढवली होती. एका बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, हातवारे केले, माना डोलावल्या. मयूरी सतरंजी झटकून घडी घालत होती, तेव्हा ते परत आले.

“वर्षश्राद्ध एकच करसूत,” अमृत म्हणाला. “रनाळाले. भाव्या तयार शे.”

मयूरीच्या हातातली सतरंजी निसटली. “खरंच?”

“पन तू येऊ नको, ताई,” भावेश खालच्या आवाजात म्हणाला. “पाव्हना हासतीन. हाईच का ती, इचारतीन. बाबासना कार्यमा तमाशा नको.”

“यंदा नको,” अमृतनं समजुतीनं जोडलं. मग भावेशनं मोटारसायकल तिथेच लावली आणि दोघं एका जीपमधून गेले.

रविवारी कार्य झालं. फोटो भावेशनं पाठवला. दोघं भाऊ शेजारी बसलेले, मध्ये गुरुजींची तसबीर. मयूरीनं तो मोठा करून पाहिला. चहाचा ट्रे कोणाच्या हातात होता ते दिसलं नाही.

सोमवारी तिनं धडा पुरा केला, बसूनच, सोंगाशिवाय. मुख्याध्यापकांची तशी ताकीद होती. फळ्यावर इब्राहिमचं नाव, खाली दोन फांद्या, फांद्यांवर तीन धर्म. मुलांनी उतरवून घेतलं. रोशनीनं मात्र पेन ठेवलं आणि फळ्याकडे बघत राहिली.

“बाई, त्या दोन्ही भाऊसले बहीन नव्हती का?”

मयूरीनं डस्टर उचललं.

“असेल,” ती म्हणाली. “पुस्तकात लिहिलेली नाही.”