घाम कुठं हाय?

आमच्या शेजारच्या म्हात्रे अण्णांनी एकदा भर लग्नात शिट्टी मारली. तोंडाने नव्हे, पंचाची खरी शिट्टी, त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीत असते ती. भाचीचं लग्न होतं. मुहूर्त अकरा बावीसचा, आणि अकरा पंचवीस झाले तरी भटजी आपले मंगलाष्टकात रंगलेले. अण्णांनी घड्याळ बघितलं, दोन पावलं पुढे गेले आणि फुर्रर्र. मंडपाला वाटलं, ही नवी पद्धत असेल. लोकांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता टाकल्या, बँडवाल्याने बँड सुरू केला, आणि अंतरपाट धरणाऱ्यांनी तो घाबरून सोडूनच दिला. भटजी अजून अण्णा दिसले की रस्ता बदलतात. अण्णांचं म्हणणं एकच, "वेळ संपली म्हंजे संपली. भटजी असो नायतर कप्तान."

अण्णा कबड्डीचे पंच. नोकरी एका कंपनीत होती, पण ती ते दोन सामन्यांच्या मधल्या वेळात करायचे. पेणपासून रोह्यापर्यंत असं गाव नसेल, जिथल्या मैदानावर त्यांनी कुणाला बाद दिलं नाही. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याला बाद दिला, आणि दिवाळीला सासरी जेवायला बोलावणं आलं नाही. हे ते अभिमानाने सांगतात.

पेणच्या रामवाडीला आमचं आणि त्यांचं अंगण एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. आमचा गणपतींचा कारखाना. मी माहेरची हमरापूरची, तिथे घरोघरी गणपती घडतात, त्यामुळे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे, आजही. मूर्तींना द्यायच्या पांढऱ्या रंगाची भुकटी अण्णा माझ्याकडून ओंजळभर मागून नेतात आणि त्यांच्या अंगणात रेघ मारतात. चपला रेघेच्या बाहेर. दूधवाल्याचा पाय आत पडला की अण्णा खुर्चीतूनच हात वर करतात, "बाद." दूधवाला बिचारा पातेलं ठेवून मुकाट्याने मागे सरकतो. मी म्हटलं, अण्णा, दूध नासेल हो एखाद दिवशी रागाने. तर म्हणाले, "वैनी, रेघ हाय ती रेघ हाय."

आता खेळ कशाला म्हणायचं, याची त्यांची एक कसोटी. "घाम कुठं हाय?" बुद्धिबळ? घाम कुठं हाय. कॅरम? ती बोटांची करमणूक. क्रिकेट अर्धा खेळ, कारण सीमारेषेवर उभा असतो तो माणूस उन्हाने घामाघूम होतो, खेळाने नव्हे. मी एकदा विचारलं, मग मी डोळे आखते तेव्हा श्वास धरून बसते, हात हलला की देव चकणा होतो, मला येतो घाम, त्याचं काय? अण्णांनी बराच विचार केला. म्हणाले, "तुमचा पंखा बंद असतो म्हणून."

मागे गुडघे गेले आणि मैदानं सुटली. आता मोठ्या सामन्यांना कॅमेरे असतात, तरणे पंच असतात. अण्णांना बोलावणं येईनासं झालं. पण दर शनिवारी संध्याकाळी ते पांढरा शर्ट आणि पांढरी पँट इस्त्री करतात. पूर्वी हे काम त्यांच्या पत्नी सुमनताई करायच्या, त्या गेल्यापासून स्वतः. रविवारी सकाळी कपडे खिडकीपाशी हँगरला, आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात. भिंतीपलीकडून मला सगळं दिसतं.

तर या अण्णांची नात मुक्ता. लेकीची लेक, राहते रोह्याला, अकरावीत. पोर गुणी, पण डोकं सदा मोबाइलमध्ये. तिचा पाच पोरींचा संघ होता, मोबाइलवर लढायचा. रोह्याच्या एका हॉलमध्ये स्पर्धा ठरली, जिंकेल त्याला पुढे पुण्याला जायचं. तिचे वडील, प्रकाश, म्हणजे अण्णांचा जावई, कंपनीत शिफ्टला जाणारा साधा माणूस. त्याला हे काही कळेना. त्याने सरळ सांगितलं, "मामा येऊन बघतील. ते खेळ म्हणाले तर खेळायचं, टाइमपास म्हणाले तर मोबाइल कपाटात."

मुक्ता फोनवर रडकुंडीला आली होती, ते मी ऐकलं. पुरता कबड्डीचा पंच, आणि तिची फिर्याद त्याच्याच पुढे. अण्णा फोन ठेवून म्हणाले, "पोरी बसून खेळतात, वैनी. बसून." जणू पोरींनी दरोडा घातला.

मला सोबतीला घेतलं. एसटीने निघालो. अण्णांनी पांढरे कपडे घातलेले, गळ्यात शिट्टी. कोलाडला गाडी थांबली तेव्हा मी वडे घेतले, तर त्यांनी खाल्ले नाहीत. सामन्याआधी पंच खात नाही म्हणे. मी म्हटलं, अहो तुम्ही प्रेक्षक आहात. त्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले.

हॉलमध्ये थंडगार एसी. पोरं कानाला डबे लावून ओळीत बसलेली, मोठ्या पडद्यावर धूमधडाका. अण्णा मुक्ताच्या मागे जाऊन उभे राहिले. खुर्ची दिली तर नको म्हणाले, गुडघे असे असताना. मला वाटलं, आत्ता म्हणतील घाम कुठं हाय. पण नाही. मान पुढे काढून नुसते बघत होते.

शेवटचा डाव मुक्ताच्या संघाचा आणि माणगावच्या पोरांचा. आणि ऐन अटीतटीला माणगावच्या बाजूचं नेट गेलं. पडद्यावरचे त्यांचे गडी जागच्या जागी थिजले. पोरींनी टिपून टिपून सगळे पाडले, पडद्यावर विजयाचे फटाके फुटले. माणगावची पोरं उठून ओरडायला लागली. स्पर्धा भरवणारे कॉलेजातलेच, ते म्हणाले नेट ज्याचं त्याचं नशीब. पोरी म्हणाल्या आम्ही जिंकलो. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी कुणाची कॉलर धरली.

आणि फुर्रर्र.

तुम्हाला सांगते, दीडशे माणसांचा हॉल चिडीचूप. अण्णा मध्ये गेले. माणगावच्या पोराला विचारलं, हलता येत होतं का? नाही म्हणाला. मग वळले मुक्ताकडे.

"बाय, तुला दिसत होतं ते हलत नायत?"

मुक्ताने खाली बघितलं. पुणं तिच्या समोर उभं होतं हो. होय-नाय म्हणायला एक क्षण लागतो, पण त्या पोरीला तो किती लांब वाटला असेल.

"दिसत होतं," ती म्हणाली. "पुतळ्यासारखे होते."

"मैदानात कुत्रा शिरला तर चढाई रद्द," अण्णांनी हात वर केला. "नेट गेलं म्हंजे कुत्राच शिरला. डाव पुन्हा."

पुन्हा झाला, आणि मुक्ताचा संघ हरला. थोडक्यात, पण हरला. पोर मोबाइल दप्तरात घालून आजोबांच्या समोरून निघून गेली, मान वर न करता.

बाहेर पायरीवर प्रकाशने विचारलं, "मग मामा, खेळ का टाइमपास?"

"खेळ."

मी काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, अण्णा, एसी चालू, पोरी बसलेल्या, घाम कुठं हाय?

अण्णा पाठमोरे झाले. पांढरा शर्ट मानेपासून कमरेपर्यंत पाठीला चिकटला होता, पिळला तर तांब्याभर पाणी निघालं असतं.

अण्णा खेळ म्हणाले, म्हणून प्रकाशने मोबाइल काढून घेतला नाही. पण मुक्ताने आजोबांशी बोलणं सोडलं. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा, तो थांबला. अण्णा सातला मोबाइल खिशातून काढायचे, बघायचे, ठेवायचे. चार वेळा माझ्याकडून पुसून घेतला, म्हणे आवाज येत नसेल. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर म्हणाले, "पंचाने निकाल दिल्यावर मागं जायचं नसतं." दूधवाल्याचा पाय रेघेत पडला तरी हात वर होईना. दूधवालाच घाबरला, मला विचारायला आला, अण्णांची तब्येत बरी आहे ना?

महिना झाला असेल. एका शनिवारी मी गौरीच्या मुखवट्याला भुवया काढत बसले होते, आणि पलीकडे फोन वाजला. अण्णांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते मोबाइल नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, आणि त्यामुळे मलाही घरबसल्या सगळं कळतं.

"अण्णा," मुक्ताचा आवाज, जरा फुगलेलाच. "उद्या आमची मॅच आहे. घरातनंच, ऑनलाइन. माणगाववाल्यांशी. ते म्हणतात, पंच तुझा आजाच पाहिजे, नायतर आम्ही खेळत नाय."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी पण तेच म्हटलं. व्हिडिओ कॉल लावीन. आणि अण्णा, उगाच शिट्टी मारू नका, कान फुटतात."

माझी भुवई वाकडी गेली. पुसून पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची मोटर लावायला बाहेर आले, तर खिडकीपाशी हँगर रिकामा. अण्णा ओटीवर खुर्चीत ताठ बसलेले, पांढरा शर्ट, पांढरी पँट, केस पाणी लावून बसवलेले. समोर स्टुलावर तांब्या, तांब्याला टेकवलेला मोबाइल, आणि खुर्चीच्या चारी बाजूंनी ताजी पांढरी रेघ.

म्हटलं, चहा आणू का?

त्यांनी मान हलवली. सामन्याआधी पंच काही घेत नाही.

मी विचारलं, मॅच किती वाजता आहे?

"चारला," अण्णा म्हणाले.

तेव्हा साडेनऊ झाले होते.