सर्व्हरची खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी रोहिदास साहेब झेंडूचा हार घेऊन थेट सर्व्हर रूममध्ये शिरले.

"बंद कर रं ह्ये."

सर्व्हर सांभाळणारा समाधान त्यांना आडवा आला. "साहेब, प्रेस बंद करा, लेथ बंद करा. ह्याला नका."

"मशीन हाय ना? चालू मशीनला कुंकू लावत्यात व्हय?"

साहेब चाकणच्या या कारखान्याचे मालक, मूळचे जवळच्याच कुरुळी गावचे. त्यांच्या घराण्याने आधी नांगर पुजला, मग ट्रॅक्टर. आता सर्व्हरची पाळी होती.

आणि समाधानने वर्षभर खपून एक व्यवस्था उभी केली होती. चाकणचा सर्व्हर बंद पडला, की आग लागली असं समजून सगळं काम आपोआप कंपनीच्या तळवड्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर जायचं. माणसाचा हात न लागता हे जमलं, तर साहेब त्याला कंत्राटातून काढून परमनंट करणार होते.

"तळवडं हाय की मग," म्हणत साहेबांनी बटण दाबलं.

तेवढ्यात तळवड्याच्या ऑफिसातून त्याची सहकारी दिव्या हिचा फोन आला. "समाधान, आम्ही पण पूजेसाठी सर्व्हर बंद केलाय. पूजेला बसलेल्या मालोजीकाकांचा नारळ फुटत नाहीये. जरा थांब ना."

समाधान थांबला असता. पण दोन्ही सर्व्हरवर लांबून पाळत ठेवणारा त्याचा प्रोग्रॅम थांबणाऱ्यातला नव्हता. त्याने शांतपणे ठरवलं, की कंपनी नष्ट झाली. लगेच भोंगा वाजवला, गिऱ्हाइकांना दुःखद बातमी कळवली आणि कामगारांच्या घरी मेसेज धाडले. एका गिऱ्हाइकाने साहेबांना फोन करून, साहेब गेल्याचं फार वाईट वाटलं, असं त्यांनाच सांगितलं. राहिलेला माल कधी मिळेल, तेही विचारलं.

समाधानची बायको पूनम धापा टाकत गेटवर आली. तिला धीर द्यायला तो बाहेर धावला.

"अगं, काही झालं नाही!"

"मेसेजमधी म्हणलंय, कायम कामगार सुखरूप. तुम्ही कुठं कायम आहात? म्हणून तर पळत आले!"

परत जायला त्याने कार्ड लावलं. लाल दिवा लागला. आपत्तीत कंत्राटी माणसाला आत सोडायचं नाही, हा नियम एचआरचा. पण प्रोग्रॅममध्ये तो चोख बसवला होता समाधानने.

"लय कडक बनवलंय भावा तू," वॉचमन भैरू आदराने म्हणाला.

आत आरती झाली. तळवड्याला नारळ फुटला. सर्व्हर सुरू होताच हिशेब, ऑर्डरी, हजेरी, सगळं जिथल्या तिथे येऊन बसलं. गिऱ्हाइकांना माफीसुद्धा आपोआप गेली. साहेब खूश होऊन गेटवर आले.

"वाघ हायेस! समदं आपोआप उठलं. कुणाचा हात लागला न्हाई."

"मग साहेब, माझं परमनंटचं?"

साहेबांनी गजांतून पेढा दिला. "आरं, तू भायेर हुतास आन् समदं झालं. आता तुला आत घिऊन करायचं काय?"

पूनमचा फोन वाजला. समाधानने स्वतःच, शुद्धलेखन तपासून प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेला शेवटचा मेसेज आला होता. ती मोठ्याने वाचू लागली, "आपत्ती टळली आहे. सर्व आवश्यक माणसे सुरक्षित आहेत." मग तिने वर बघितलं. "ह्याच्यात तरी तुम्ही आहात का?"

"पेढा खा," समाधान म्हणाला.