विकलेला नंबर

एवेलिओने बँकेसमोरच्या रांगेतला आपला दहावा नंबर दोनशे पेसोला विकला, नोटा खिशात घातल्या आणि सवयीने घराची वाट धरली. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ही रांग पावाची नव्हती. स्वतःच्या पेन्शनची होती.

त्याला दोष तरी काय द्यायचा? एकोणचाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळल्यावर सरकारने लावून दिलेली पेन्शन महिन्याचे दहा दिवस पुरे. उरलेले वीस दिवस तो कामाग्वे शहरातल्या रांगांवर काढी. पाव असो, गॅस असो, सकाळी जाऊन ‘शेवटचा कोण?’ विचारायचं, नंबर धरायचा आणि उशिरा उठणाऱ्या एखाद्या सुखी जिवाला तो विकायचा. कुणी ‘नंबर देता का?’ म्हटलं, की तोंडातून ‘दोनशे’ आपोआप निघे. आज तसंच झालं. आणि आज त्याच्या बायकोच्या, ओनेलियाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या संपून चौथा दिवस होता.

तो धापा टाकत परतला. त्याच्या जागी सोकोरो नावाची निवृत्त नर्स उभी होती.

“बाई, चूक झाली. पैसे घ्या, नंबर द्या.”

“अहो, रोख मोजलेत मी! आणि माझे पाय बघा, सुजून मडकी झालीत.”

“मलाही पेन्शन काढायचीय हो!”

“मग विकलात कशाला?”

रांग खदखदून हसली. नवव्या नंबरचा रिगोबेर्तो, त्याचा जुना शेजारी, म्हणाला, “एवेल्या, बायको आहे ना रे घरी? का तीही दिलीस दोनशेला?”

एवेलिओ रांगेच्या पार टोकाला गेला. “शेवटचा कोण?” त्याने विचारलं. त्याचा नंबर एकसष्टावा लागला.

अकरा वाजता शिपाई दारात आला. नऊ जणांचे पैसे निघाले होते.

“रोकड संपली. गुरुवारी या.”

रिकाम्या हातांनी परतणाऱ्या त्या घोळक्यात पैसे होते ते फक्त एवेलिओच्या खिशात. सोकोरोने त्याची बाही धरली.

“माझे दोनशे द्या. घरात तांदळाचा दाणा नाही.”

“बाई, मी नंबर विकला. तो तुम्हाला मिळाला की!”

धंद्याच्या हिशेबाने बोलणं बरोबर होतं. तो दहा पावलं चालला, सरकारला, तिला आणि स्वतःला शिव्या घातल्या, आणि मागे फिरला. शंभराची नोट त्याने तिच्या हातावर ठेवली तेव्हा त्याचा जीव तुटत होता.

“आणि बाकीचे?”

“बाकीच्या शंभरात बायकोच्या गोळ्या.”

कोपऱ्यावरच्या गोळ्या विकणाऱ्याने शंभर पेसोत दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने मधोमध कापून दिली.

“मिळाली पेन्शन?” ओनेलियाने दारातच विचारलं.

“मिळाली,” एवेलिओ खोटं बोलला. आता नुसत्या पाच गोळ्या बघून ती खोटं पकडणार, या धास्तीने त्याने अर्धी पट्टी तिच्या हातावर ठेवली.

ओनेलियाने गोळ्या मोजल्या आणि तिचा चेहरा उजळला.

“या खेपेला बऱ्याच आल्या रे,” ती म्हणाली. “मागच्या पेन्शनला तीनच आल्या होत्या.”